अपग्रेडनंतर लिनक्सच्या कमांड चालेनाशा झाल्या? फॉर्मॅट मारायच्या आधी हे करून बघा

उबंटू नाहीतर डेबियन अपग्रेड केलं, मशीन रीस्टार्ट झाली, आणि आता टर्मिनल उघडत नाही, किंवा सुडो (ॲडमिनच्या हक्काने काम करू देणारी कमांड) एरर देऊन राहिला, किंवा कालपर्यंत चालणारी कमांड आज सापडतच नाही. अशा वेळी नागपुरात पहिला सल्ला ठरलेला असतो, बर्डीवरच्या दुकानात घेऊन जा, फॉर्मॅट मारून देतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की लगेच नेऊ नका. अपग्रेडनंतर बिघडलेल्या लिनक्समधे बहुतेक वेळा तुमचा डेटा जिथल्या तिथे असतो, एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फाइल), एखादी लिंक नाहीतर अर्धवट बसलेलं एखादं पॅकेज एवढंच अडलेलं असतं, आणि नेमकं काय अडलंय ते एररच्या ओळीतच लिहिलेलं असतं. ती ओळ न वाचता लोक नेटवर दिसेल ती कमांड चिकटवत सुटतात आणि मग खरंच फॉर्मॅट मारायची पाळी येते.

मी नंदनवनातल्या एका अभ्यासिकेच्या मशीन सांभाळतो. दान मिळालेले जुने डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर उबंटू, एमपीएससी करणारी पोरं-पोरी त्यावर फॉर्म भरतात, नोट्स वाचतात. फॉर्मची शेवटची तारीख असावी आणि मशीनने दगा द्यावा तेव्हा त्या पोरांचा चेहरा बघवत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं मुख्यतः उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाण्याची आहेत, डेबियन आणि मिंटला जवळपास हेच लागू. फेडोरा-आर्चवाल्यांनी रीत हीच ठेवायची, पॅकेजच्या कमांड त्यांच्या वापरायच्या.

कमांड मी बोलतो तशाच देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी स्मॉल अक्षरं आणि इंग्रजी आकडे, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय. एपीटी, डीपीकेजी (हे दोघं पॅकेजेस बसवणारे प्रोग्राम), एलडीडी, यूएसआर, व्हीएआर, ईटीसी अशी सुटी सुटी अक्षरं आहेत, बाकीचे शब्द त्यांच्या स्पेलिंगप्रमाणे.

आधी हातातलं काही बंद करू नका

काहीतरी बिघडलंय असं लक्षात आलं आणि एखादं टर्मिनल अजून उघडं असेल तर ते बंद करू नका, रीस्टार्ट तर मुळीच मारू नका. जो शेल, म्हणजे टर्मिनलमधे कमांड ऐकणारा प्रोग्राम, आधीपासून चालू आहे त्याच्या लायब्ररी मेमरीत चढलेल्या असतात, त्यामुळे डिस्कवरची लायब्ररी गायब झाली तरी तो चालत राहतो, नवीन शेल मात्र उघडेलच याची खात्री नाही. सुडो अजून चालत असेल तर पहिली कमांड हीच:

सुडो -आय

याने रूट शेल, म्हणजे सगळे अधिकार असलेला शेल मिळतो, तो एका खिडकीत तसाच ठेवून द्या आणि बाकी उद्योग दुसऱ्या खिडकीत करा. सुडो आणि लॉगिन दोन्ही पासवर्ड तपासायला त्याच त्या लायब्ररींवर अवलंबून असतात, त्यामुळे ते दोघं एकदमच बंद पडू शकतात, आणि मग हा उघडा रूट शेल म्हणजे तुमची एकमेव किल्ली.

दुसरं, लाईट. एप्रिल-मे मधे आपल्याकडे दुपारी ऊन तापतं आणि संध्याकाळी अवकाळी वादळ येऊन लाईट जाते हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही, पण अपग्रेड चालू असताना डेस्कटॉपची लाईट गेली की अर्धी पॅकेजेस नवी, अर्धी जुनी, काही मधेच लटकलेली अशी खिचडी होते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर वादळी संध्याकाळी अपग्रेडला हातच लावू नका, आणि दुरुस्ती करतानाही लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच करा.

एसएसएचवरून, म्हणजे नेटवरून लॉगिन करून, दुसरीकडची मशीन अपग्रेड करत असाल आणि नेट तुटलं तर घाबरू नका. उबंटूचा डू-रिलीज-अपग्रेड हा प्रोग्राम स्क्रीन नावाच्या सेशनमधे चालतो, आणि तुम्ही होकार दिला असेल तर पोर्ट १०२२ वर एक जादा एसएसएच सर्व्हरही उघडून ठेवतो. परत लॉगिन करून सुडो स्क्रीन -डी -आर टाका, जिथे सोडलं होतं तिथूनच अपग्रेड दिसतं, ते आतमधे चालूच असतं. नवीन अपग्रेड सुरू करू नका.

मग जागा बघा, डीएफ -एच. /बूट वेगळं पार्टिशन असेल आणि ते १०० टक्के भरलेलं दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं, कारण नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) बसवताना इनिटरॅमएफएस ही मशीन सुरू होताना लागणारी फाइल तयार व्हायला जागाच मिळत नाही आणि त्या एका एररपायी पुढची सगळी पॅकेजेस अडून राहतात. जुने कर्नल काढायला सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज, पण त्याआधी यूनेम -आर करून सध्या कोणता कर्नल चालू आहे ते बघून घ्या, तो काढायचा नाही.

लाईट गेली, अपग्रेड अर्धवट राहिलं

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आणि सुदैवाने सगळ्यात सोपा. आधी कोणती पॅकेजेस लटकली आहेत ते विचारा:

सुडो डीपीकेजी --ऑडिट

काही छापून आलं नाही तर डीपीकेजीच्या हिशेबाने सगळं ठीक. यादी आली तर या दोन, याच क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली कमांड उघडून ठेवलेल्या पॅकेजेसची राहिलेली मांडणी पूर्ण करते, दुसरी ज्यांना लागणारी दुसरी पॅकेजेस मिळाली नाहीत ती आणून देते. कधी कधी दोन्ही एकदा चालवून भागत नाही, पुन्हा आलटून पालटून चालवायच्या, दर वेळी यादी थोडी कमी होते. एकच पॅकेज दरवेळी तिथेच अडत असेल तर त्याचं नाव लिहून घ्या आणि /व्हीएआर/लॉग/एपीटी/टर्म.लॉग मधे त्या नावाजवळची पहिली एरर शोधा. पहिली, शेवटची नाही, कारण शेवटच्या ओळीत फक्त एकूण रडगाणं असतं, खरं कारण वर कुठेतरी दोन ओळीत येऊन गेलेलं असतं. पूर्ण रिलीज अपग्रेडचे वेगळे लॉग /व्हीएआर/लॉग/डिस्ट-अपग्रेड या फोल्डरमधे असतात.

या टप्प्यावर "कुड नॉट गेट लॉक" अशी एरर आली तर लॉक फाइल डिलीट करा असा सल्ला जागोजागी मिळतो, तो ऐकू नका. लॉक आहे म्हणजे कोणीतरी पॅकेजवर काम करून राहिलं आहे, बऱ्याचदा मागे चालणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स असतं, सुडो फ्यूजर -व्ही /व्हीएआर/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड ने कोण ते कळतं. त्याला संपू द्या. दोन जण एकदम डीपीकेजीच्या डेटाबेसमधे लिहू लागले तर मग खरी वाट लागते.

कमांड नॉट फाउंड

पॅकेजेस जागेवर आहेत, तरी कमांड चालत नाही, मग आता एररचे शब्द नीट बघा. "कमांड नॉट फाउंड" याचा अर्थ शेलला त्या नावाची फाइल पाथमधल्या, म्हणजे कमांड शोधायच्या यादीतल्या, कुठल्याच फोल्डरमधे दिसली नाही, इतकाच. प्रोग्राम खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तो नवीन रिलीजमधे बाय डिफॉल्ट येतच नसेल. इफकॉन्फिग आणि नेटस्टॅट हे नेटवर्क बघायचे प्रोग्राम नेट-टूल्स या पॅकेजमधे आहेत आणि उबंटूने ते कधीचं डिफॉल्ट इन्स्टॉलमधून काढलंय, आता आयपी ए आणि एसएस वापरायचं, हाताला जुनी सवय असेल तर नेट-टूल्स इन्स्टॉल करून घ्या, बिघडत काही नाही.

किंवा प्रोग्राम आहे पण पाथ बदललाय. डेबियन ९ वरून १० वर गेलेल्यांना हे जबरदस्त नडलं होतं, कारण १० पासून एसयू ही रूट व्हायची कमांड दुसऱ्या पॅकेजमधून येऊ लागली आणि नुसतं एसयू केलं की रूटचा पाथ मिळेनासा झाला, म्हणून /एसबिन मधल्या कमांड सापडेनात आणि डीपीकेजी सुद्धा "एलडीकॉन्फिग नॉट फाउंड इन पाथ" म्हणून थांबायचं. उपाय म्हणजे एसयू नंतर स्पेस देऊन एक डॅश, एसयू -. एका डॅशचा फरक आहे, आणि त्यापायी लोकांनी अख्ख्या मशीन परत बसवल्यात.

आणि एक छोटंसं: बॅश, म्हणजे उबंटूचा नेहमीचा शेल, एकदा सापडलेल्या कमांडची जागा लक्षात ठेवतो. अपग्रेडमधे तो प्रोग्राम /यूएसआर/लोकल/बिन मधून /यूएसआर/बिन मधे आला असेल तर जुन्या खिडकीतला बॅश जुन्याच जागी शोधत बसतो. हॅश -आर केलं की विसरतो. टाईप -ए आणि पुढे कमांडचं नाव दिलं की त्या नावाच्या सगळ्या फाइल कुठे कुठे आहेत ते दिसतं, ही सवय लावूनच घ्या, पुढच्या अर्ध्या भानगडी इथेच उलगडतात. विशेषतः ॲनाकोंडा (पायथनचं तयार बंडल) बसवलेल्या मशीनवर, कारण त्याचा स्वतःचा पायथन, स्वतःचं ओपनएसएसएल, स्वतःचं कर्ल असं सगळं सिस्टिमच्या पुढे येऊन उभं राहतं.

फाइल डोळ्यासमोर आहे तरी सापडत नाही म्हणते

हा प्रकार नवख्यांना फार चक्रावतो. एलएस केलं तर स्क्रिप्ट दिसते, चालवली तर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". २४.०४ मधल्या नव्या बॅशमधे याचे शब्द बदललेत, "कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड", आणि ते जास्त खरे आहेत, कारण सापडत नसते ती तुमची स्क्रिप्ट नाही, ती चालवणारा प्रोग्राम सापडत नसतो. हेड -१ करून स्क्रिप्टची पहिली ओळ बघा. तिथे /यूएसआर/बिन/पायथन असं नुसतं लिहिलेलं असेल तर कारण मिळालं, २४.०४ मधे पायथन २ रेपोमधून (पॅकेजेसच्या साठ्यातून) गेलाय आणि नुसत्या पायथन नावाने आपोआप काही येत नाही. स्क्रिप्ट पायथन ३ वर चालणारी असेल तर पायथन-इज-पायथन३ हे पॅकेज बसवा, जुनी पायथन २ ची असेल तर ती बदलून घ्यावीच लागेल.

स्क्रिप्ट नसून तयार बायनरी असेल तर फाइल ही कमांड चालवा, ती बायनरी ३२-बिट आहे आणि तिचा लोडरच, म्हणजे तिला सुरू करून देणारी फाइल, सिस्टिमवर नाही असं बऱ्याचदा निघतं. जुन्या अकाउंटिंग किंवा प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधे हे नेहमी दिसतं.

शेअर्ड लायब्ररी सापडत नाही

"एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" आणि पुढे एका .एसओ फाइलचं नाव. ते नाव म्हणजे सोनं आहे, ते जसंच्या तसं कागदावर उतरवा, शेवटच्या आकड्यासकट. मग

एलडीडी /यूएसआर/बिन/कमांडचं-नाव

केलं की कोणकोणत्या लायब्ररी "नॉट फाउंड" आहेत ते सगळं दिसतं. आता प्रश्न एकच विचारायचा, हा प्रोग्राम डिस्ट्रोचा, म्हणजे उबंटू-डेबियनकडूनच आलेला, आहे की बाहेरून आणलेला. डीपीकेजी -एस, यातला एस कॅपिटल, आणि पुढे प्रोग्रामचा पूर्ण पाथ दिला की तो कोणत्या पॅकेजचा ते कळतं, कोणाचाच नसेल तर तो तुम्ही बाहेरून आणलेला आहे.

बाहेरचा असेल तर बहुतेक वेळा रडगाणं लिबएसएसएल.एसओ.१.१ चं असतं. उबंटूने २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ घेतलं आणि १.१ सोडून दिलं, त्यामुळे त्या आधीच्या काळात बांधलेले प्रोग्राम अडतात. यावर नेटवर एक भयंकर उपाय फिरतो, लिबएसएसएल.एसओ.३ ला १.१ या नावाची लिंक मारा म्हणून. आकडा उगाच नसतो भाऊ, आतले फंक्शन बदललेले असतात, प्रोग्राम सुरू झाल्यासारखा वाटेल आणि मधेच कोसळेल, आणि हे पासवर्ड आणि एनक्रिप्शनचं काम आहे. त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आणा, तोच एक नीट रस्ता.

२४.०४ मधे अजून एक घोळ आहे तो पॅकेजच्या नावांचा. ३२-बिट वेळ मोजणी १९ जानेवारी २०३८ ला संपते, त्याच्या तयारीत बऱ्याच लायब्ररींच्या नावाला टी६४ हे शेपूट लागलं, म्हणजे लिबअसाउंड२ चं लिबअसाउंड२टी६४ झालं. जुन्या गाईडमधून कॉपी केलेली इन्स्टॉल कमांड चालली नाही तर शेवटी टी६४ लावून बघा.

प्रोग्राम डिस्ट्रोचाच असेल आणि लायब्ररी नसेल तर आधी तुमच्याच सेटिंगवर संशय घ्या. एक्को आणि पुढे डॉलरचं चिन्ह जोडून एलडी_लायब्ररी_पाथ, सगळं कॅपिटलमधे, असं करून ते रिकामं आहे का बघा, कूडा किंवा एखाद्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरसाठी कधीतरी बॅशआरसी या होममधल्या सेटिंग फाइलमधे टाकलेली ओळ तिथे बसलेली असते आणि सिस्टिमच्या कमांडला जुन्या लायब्ररी पाजत असते. खात्री करायचा साधा मार्ग म्हणजे नवीन यूजर बनवून त्याच्यातून तीच कमांड चालवणं. तिथे चालली तर सिस्टिम ठणठणीत आहे, दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलींमधे आहे, आणि फॉर्मॅट मारून परत तेच होम आणलं असतं तर तीच एरर परत आली असती. तिथेही नाही चालली तर /यूएसआर/लोकल/लिब मधे हाताने बसवलेली जुनी लायब्ररी आहे का बघा, उबंटूमधे ती सिस्टिमच्या लायब्ररीच्या आधी उचलली जाते. असेल तर डिलीट न करता बाजूला हलवा आणि सुडो एलडीकॉन्फिग चालवा. त्यानंतर पॅकेज परत:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रिइन्स्टॉल पॅकेजचं-नाव

नाव माहीत नसेल तर डीपीकेजी -व्ही, व्ही कॅपिटल, ही कमांड बसलेल्या सगळ्या पॅकेजच्या फाइल तपासून बदललेल्या आणि गायब झालेल्या फाइल दाखवते. ईटीसी मधल्या फाइल त्यात दिसणारच, त्या आपणच बदललेल्या असतात, यूएसआर मधली फाइल दिसली की मात्र कान टवकारायचे.

आता डेबियनवाल्यांसाठी एक खास, कारण हा खरोखर जीवघेणा आहे. लिबक्रिप्ट.एसओ.१ ही लायब्ररी पूर्वी लिबसी६ या (जवळपास सगळ्याच प्रोग्रामना लागणाऱ्या) पॅकेजमधे होती, नंतर ती लिबक्रिप्ट१ या वेगळ्या पॅकेजमधे गेली. डेबियन १० वरून मधला ११ गाळून थेट १२ वर उडी मारली की कधी कधी जुनी फाइल आधी जाते आणि नवं पॅकेज यायचं राहतं, आणि त्या मधल्या क्षणी पर्ल बंद, सुडो बंद, लॉगिन बंद, आणि पॅकेजेसच्या बऱ्याच स्क्रिप्ट पर्ल या भाषेवर चालतात म्हणून एपीटी पण अडतो. सुरुवातीला रूट शेल उघडा ठेवा म्हटलं ते याच दिवसासाठी. त्या शेलमधून:

सीडी /टीएमपी
एपीटी डाउनलोड लिबक्रिप्ट१
डीपीकेजी-डेब -एक्स लिबक्रिप्ट१_*.डेब .
सीपी -एव्ही लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/* /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/
एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

तिसऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस आणि मग टिंब आहे, ते विसरू नका, "इथेच उघड" असा त्याचा अर्थ. हाताने लायब्ररी कॉपी करायला मी एरवी कडक विरोध करतो, इथे चालतं कारण ती फाइल त्याच रिलीजच्या अधिकृत पॅकेजमधून आली आणि पुढच्याच ओळीत एपीटी तिचा ताबा घेतो. मुळात डेबियनमधे एक रिलीज गाळून उडी मारायचीच नसते, पायरी पायरीने जायचं.

पायथन, आणि न उघडणारं टर्मिनल

प्रतापनगरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा अभ्यासिकेत येतो, त्याने एकदा लॅपटॉपच समोर आणून ठेवला. "दादा, टर्मिनलच उघडून नाही राहिलं. नुसतं गोल फिरते अन् बंद होते." विचारलं की अपग्रेडनंतर काय काय केलं. तर त्याचा जुना प्रोजेक्ट २४.०४ च्या पायथन ३.१२ वर चालेना, डिस्टयूटिल्स मॉड्यूल सापडत नव्हतं, कारण ३.१२ मधून ते काढूनच टाकलंय. मग त्याने एका व्हिडिओत बघून बाहेरच्या रेपोमधून पायथन ३.११ बसवला आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज वापरून पायथन३ चं तोंड तिकडे वळवलं. प्रोजेक्ट चालला, टर्मिनल गेलं.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, ते अशा वेळी चालतं कारण त्याला ग्राफिक्सशी देणंघेणं नाही. तिथे जीनोम-टर्मिनल फाइलची पहिली ओळ त्याला वाचून दाखवायला लावली, /यूएसआर/बिन/पायथन३. म्हणजे उबंटूचं टर्मिनल सुरू करणारी फाइल स्वतःच पायथनची स्क्रिप्ट आहे, आणि तिला जीआय नावाचं मॉड्यूल लागतं ज्याच्या फाइलच्या नावातच सीपायथन-३१२ असं लिहिलेलं आहे. ३.११ ला ती फाइल दिसतच नाही. याच कारणाने "नो मॉड्यूल नेम्ड एपीटी_पीकेजी" ही प्रसिद्ध एरर येते, याच कारणाने नवा रेपो जोडणारी ॲड-एपीटी-रिपॉझिटरी बंद पडते, आणि एखादी कमांड चुकीची टाईप केली तरी हातभर लांब ट्रेसबॅक (एररची यादी) येतो, कारण "ही कमांड या पॅकेजमधे मिळेल" हे सांगणारा मदतनीस पण पायथनच आहे. स्वतः एपीटी मात्र पायथनवर नाही, म्हणून तो चालतो आणि तोच वाचवतो.

दुरुस्ती अशी:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३
सुडो एलएन -एसएफ पायथन३.१२ /यूएसआर/बिन/पायथन३
सुडो एपीटी इन्स्टॉल --रिइन्स्टॉल पायथन३-मिनिमल पायथन३-एपीटी पायथन३-जीआय

आणि जुना प्रोजेक्ट त्याच्या फोल्डरमधे वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधे, पायथन३.११ -एम व्हेन्व एन्व्ह. सिस्टिमचा पायथन हा सिस्टिमच्या कामासाठी आहे, त्याला हात लावायचा नाही, तुमच्यासाठी व्हेन्व आहे. अपग्रेडच्या आधीच्या सगळ्या व्हेन्व जुन्या ३.१० कडे बोट दाखवत असतात, त्या दुरुस्त करत बसू नका, डिलीट करून नव्या बनवा. पिप (पायथनची मॉड्यूल बसवणारी कमांड) जर "एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून अडवत असेल तर तो तुमच्या भल्यासाठी अडवतोय, ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस वाला पर्याय लावून त्याला गप्प करू नका, त्या पर्यायाचं नावच पुरेसं स्पष्ट आहे. आणि लिंक अशी फिरवलेली असताना पुढचं रिलीज अपग्रेड करायला गेलात तर उबंटूचा अपग्रेडर सुरुवातीलाच "पायथन३ इन्स्टॉल इज करप्टेड" म्हणून थांबतो, तेव्हाही याच तीन ओळी, फक्त आकडा त्या रिलीजचा, २२.०४ वर असाल तर ३.१०.

चालते, पण वेगळंच काहीतरी करते

कधी कधी एरर येतच नाही आणि तरी काम होत नाही. स्क्रीनची सेटिंग बदलणारा एक्सरँडर आणि आपोआप माउस-कीबोर्ड चालवणारा एक्सडूटूल जर अचानक निरुपयोगी झाले असतील तर तुम्ही वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर आलेला आहात, २४.०४ मधे लॉगिन करताना खालच्या गिअरमधून "उबंटू ऑन झॉर्ग" निवडलं की जुनी रीत परत येते.

एसएसएच मधे जुना राउटर किंवा स्विच "नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड" म्हणत असेल तर ओपनएसएसएच ८.८ पासून जुनी एसएसएच-आरएसए सही बंद केलीय, तेवढ्या एका डिव्हाइसपुरतं -ओ होस्टकीअल्गोरिदम्स=+एसएसएच-आरएसए लावा, यातले एच, के आणि ए कॅपिटल. सर्व्हरच्या बाजूला पोर्ट बदलूनही बदलत नसेल तर उबंटू २२.१० पासून एसएसएच सिस्टिमडीच्या सॉकेटवर चालतो, म्हणून सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड आणि मग सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच.सॉकेट, दोन्ही सुडोने. आणि सर्व्हर सुरूच होत नसेल तर सुडो एसएसएचडी -टी, ही कमांड कॉन्फिग फाइलमधली चुकीची ओळ नंबरासकट सांगते. अपग्रेडने विचारलेलं असतं जुनी कॉन्फिग ठेवू का नवी घेऊ, आपण घाईत एंटर मारतो, तेव्हा न घेतलेली प्रत ईटीसी मधे .डीपीकेजी-डिस्ट किंवा .डीपीकेजी-ओल्ड नावाने पडून असते, डिफ करून दोन्हीतला फरक बघता येतो.

जे ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० वर गेलेत त्यांनी अजून एक लक्षात ठेवा. तिथे एलएस, सीपी, डेट सारख्या रोजच्या कमांड जीएनयूच्या नाहीत, रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेल्या आहेत. सुरुवातीला त्यातल्या डेट -आर मधे बग होता, फाइलची तारीख सांगायच्या ऐवजी आत्ताची वेळ सांगायची, आणि त्यापायी आपोआप होणारे अपडेट तपासणंच थांबलं होतं. नंतर तो सुधारला, पण जो अपडेट तपासतच नाही त्याला सुधारणा मिळणार कशी, म्हणून सुडो एपीटी अपडेट आणि सुडो एपीटी अपग्रेड एकदा हाताने मारावं लागतं. रोजच्या कामाच्या मशीनवर मी एलटीएसच, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्तीच, ठेवतो ते याच कारणाने.

मशीन सुरूच होत नसेल तर

ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे आधी जुना कर्नल निवडून बघा. त्याने सुरू झाली तर दोष नव्या कर्नलचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा, डीकेएमएस स्टेटस ही कमांड चालवून ते मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बसलंय का बघा. नाही झाली तर रिकव्हरी मोड, रूट शेल, आणि तिथे डिस्क वाचण्यापुरतीच उघडलेली असू शकते म्हणून माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / आधी, मग वरच्या डीपीकेजीच्या कमांड.

तेही नाही तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबंटू चालू करा, तुमचं रूट पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा, /बूट वेगळं असेल तर तेही त्याच्या आत, मग देव्ह, प्रोक, सिस आणि रन हे चार फोल्डर माउंट --बाइंड ने आत जोडा आणि सुडो सीएचरूट /एमएनटी. आता तुम्ही तुमच्याच बिघडलेल्या सिस्टिममधे आहात आणि नेट लाइव्हचं मिळतंय. नाव सापडत नाही असं एपीटी म्हणाला तर लाइव्हची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल आत कॉपी करावी लागते. याच वेळी लाइव्हमधून होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवा, खरं तर सीएचरूटच्याही आधी.

परत इन्स्टॉल करणं मी दोनच वेळा योग्य मानतो. डीमेसेज (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) या कमांडमधे डिस्कच्या आय-ओ एररची रांग दिसत असेल तर ती डिस्क मरते आहे, डेटा काढा आणि डिस्क बदला. आणि कोणीतरी दुसऱ्याच रिलीजचं लिबसी६ जबरदस्तीने बसवलेलं असेल तर ते सोडवण्यात जाणारा वेळ नव्या इन्स्टॉलपेक्षा जास्त असतो. बाकी काहीही असो, वरच्या रस्त्याने जा.

सुरू झाल्यावर

सिस्टिमसीटीएल --फेल्ड बघा, डीपीकेजी --ऑडिट परत बघा, एपीटी-मार्क शोहोल्ड करून एखादं पॅकेज कोणी धरून ठेवलंय का ते बघा. रीस्टार्ट करा आणि पुन्हा तेच बघा. अपग्रेडने बंद केलेले बाहेरचे रेपो एक एक करून चालू करायचे, प्रत्येकानंतर एपीटी अपडेट, सगळे एकदम चालू केले तर कोणी घाण केली ते कळत नाही. एपीटी लिस्ट '~ओ' ही कमांड आता कुठल्याच रेपोमधे नसलेली पॅकेजेस दाखवते, त्यातली बिनकामाची काढून टाका. ऑटोरिमूव्ह सगळ्यात शेवटी, आणि वाय दाबायच्या आधी यादी वाचा. त्यात उबंटू-डेस्कटॉप, नेटवर्क-मॅनेजर किंवा मराठी टायपिंगचं आयबस-एम१७एन दिसलं तर एन दाबा, सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल आणि पुढे त्या पॅकेजचं नाव टाका, आणि यादी परत काढा.